खालच्या माठातली किल्ली

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे आणि माझ्या पाठीवर हातोडीचे पाच घाव आहेत. हल्ली मी कळंबजवळच्या एका कॉलेजच्या ऑफिसात, टेबलाच्या खालच्या खणात पडून असतो. सोबतीला वाळलेलं स्टॅम्पपॅड आहे, तुटकी पट्टी आहे आणि कुठल्याशा स्पर्धेचे उरलेले बिल्ले आहेत. खण उघडणारे मला बाजूला सारतात आणि टाचण्या शोधतात. कुलपाला काय सांगायचं असणार, असं त्यांना वाटत असेल. पण मला एक दिवस सांगायचा आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला गंजायचं नाही.

माझा जन्म अलीगढचा. एका म्हाताऱ्या कारागिरानं कानशीनं घासून माझ्या पोटातले खाचे बसवले आणि मला दोन किल्ल्या दिल्या. तिथून मालगाडीनं, मग ट्रकनं मी कळंबला महांतप्पांच्या दुकानात आलो. महांतप्पा गिऱ्हाइकासमोर मला टेबलावर आपटून म्हणायचे, "ह्ये घ्या. चोर दमंल, ह्ये दमणार न्हाय." मी लई फुशारून जायचो. तेव्हा मी नवा होतो, आणि आपण कुणाला बाहेर ठेवणार आहोत याचा विचार नवं कुलूप करत नसतं.

बहात्तर सालच्या दुष्काळात कॉलेजनं मला विकत घेतलं आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणावर लावलं. एक दिवसाआड टँकर यायचा. माझी एक किल्ली त्याच उन्हाळ्यात गर्दीत हरवली ती हरवलीच. दुसरी शिपाई हरिबाकडे राहिली. हरिबा धनगराच्या घरचा, उंच, कमी बोलणारा माणूस. त्यानं घरच्या मेंढीच्या काळ्या लोकरीचा गोफ वळला, त्यात किल्ली ओवली आणि गळ्यात घातली. टाकी उघडली की तो व्हरांड्यातले दोन माठ भरायचा. एक लाकडी तिवईवर होता, त्यावर तांब्या असायचा. दुसरा व्हरांड्याच्या टोकाला, जमिनीवर वाळूत होता. तो बौद्ध मुलांचा. त्यात हरिबा वरून पाणी ओतायचा, घागर माठाला लागू न देता. त्यावर तांब्या नव्हता.

पाणी टंचाईचं आहे, सोय म्हणून असं केलंय, असं तेव्हा सांगितलं गेलं. पुढे पाऊस झाला, नळ आला, टाकीला कुलपाची गरज उरली नाही. माठ मात्र दोनच राहिले. आता मी खरं सांगतो, मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मी आपला मुकाट्यानं उघडत होतो नि लागत होतो.

टाकीवरून मला काढलं आणि व्हरांड्यातल्या काचेच्या कपाटाला लावलं. त्यात विद्यार्थ्यांचं भित्तिपत्रक असायचं. मुलं सुवाच्य अक्षरात कविता लिहायची, चित्रं काढायची. नियम असा होता की प्रत्येक कागदावर कोपऱ्यात प्राचार्यांची सही हवी. प्राचार्य महारुद्र सर गठ्ठा समोर आला की पानं उलटत फक्त कोपरे बघायचे आणि सह्या करत सुटायचे. वाचायचे नाहीत. सगळ्या कॉलेजला हे माहीत होतं, आणि त्यांना स्वतःला तर नक्कीच.

ऐंशी साली भित्तिपत्रकाची संपादक होती तारामती. बेंबळीची, मजुराची मुलगी, मुलींच्या वसतिगृहात राहायची. बारीक अंगाची आणि लिहिताना ओठ घट्ट मिटून घेणारी. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. गावोगाव माणसं अजून जपून बोलत होती. अशा दिवसांत तिनं एक पान लिहिलं. वर नाव होतं 'दोन माठ'. मी ते इतक्या जवळून पाहिलं आहे की आजही पाठ आहे. 'आपल्या व्हरांड्यात दोन माठ आहेत. एकावर तांब्या आहे, एकावर नाही. खालच्या माठात हरिबा मामा वरून पाणी ओततात. त्यांना हा हुकूम कोणी दिला ते त्यांनाही आठवत नाही. हा नियम नियामक मंडळाच्या कोणत्या बैठकीत, कोणत्या ठरावानं झाला? ठराव असेल तर दाखवावा. नसेल तर नियम कोण चालवतं, त्याचं नाव सांगावं.'

बस, एवढंच. शिवी नाही, घोषणा नाही.

ते पान माझ्या कपाटात लागलं आणि सोमवारी कॉलेज उकळायला लागलं. नियामक मंडळाचे अध्यक्ष नानासाहेब जीपमधून आले. सोसायटीचेही तेच अध्यक्ष, दूध संघाचेही तेच. त्यांनी काचेतून पान वाचलं आणि म्हणाले, "सर, ह्ये आमच्या तोंडाला काळं फासलंय पोरीनं." त्याच दुपारी तारामतीला नोटीस मिळाली. 'विनापरवाना मजकूर लावून जातीय तेढ पसरवल्याबद्दल आपले नाव कॉलेजातून व वसतिगृहातून का कमी करू नये?' पान मात्र तसंच राहू द्यायला सांगितलं. प्राचार्य म्हणाले, "पुरावा आहे तो. कुणी हात लावायचा नाही." तारामतीनं विद्यापीठाला अर्ज पाठवला. पंधरा दिवसांनी निरोप आला: गुरुवारी चौकशी समिती येणार, तोवर नाव कमी करू नये.

त्या गुरुवारी पहाटे हरिबा झाडायला आला. त्यानं माझ्याभोवतीची काच पुसली आणि एकदम थांबला. हरिबाला वाचन जेमतेम यायचं. पण रोज फायली नेऊन प्राचार्यांची सही तो त्यांच्या चपलांइतकीच ओळखत होता. पानाच्या कोपऱ्यात, शाई थोडी फिकट झालेली, तीच सही होती. इतके दिवस सगळ्यांनी मजकूरच पाहिला होता, कोपरा कुणी पाहिलाच नव्हता. मग विनापरवाना कसं? त्याचं बोट 'हरिबा मामा' या अक्षरांवर काचेवरून फिरत होतं. मग त्यानं गळ्यातला गोफ काढला, व्हरांड्याच्या टोकाला गेला, वाळूत उकिडवा बसला, खालच्या माठात कोपरापर्यंत हात घातला आणि किल्ली तळाशी सोडली.

मित्रांनो, आठ वर्षं तो त्या माठात पाणी ओतत होता. त्यात त्याचा हात गेलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

नऊ वाजता क्लार्क लिंबाजी पान उतरवून घ्यायला आला, म्हणजे नकलून घ्यायला. कोपऱ्याशी आला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो धावत गेला आणि प्राचार्यांना घेऊन आला. प्राचार्यांनी सही पाहिली.

"लिंबाजी, अकराला समिती येतेय. हे पान काढ. स्वागताची कविता लाव त्या जागी."

"काचेवर नोटीस चिकटवू का, सर?"

"झाकलेलं कपाट त्यांना आधी दिसेल. काच फोडली तर त्याहून आधी. किल्लीनं उघड गुपचूप. हरिबा, किल्ली दे."

हरिबा म्हणाला, "किल्ली गळ्यात न्हाय, सर."

"मग कुठे आहे?"

हरिबानं केरसुणी उचलली आणि तो व्हरांडा झाडू लागला. मग जी शोधाशोध झाली! लिंबाजीनं ऑफिसचे खण उपसले. प्रयोगशाळा झाली, ग्रंथालय झालं, हरिबाच्या पिशवीतली भाकरीसुद्धा फडक्यातून काढून उलगडून पाहिली. तिवईवरचा माठ दोघांनी मिळून रिकामा केला. टोकाच्या माठाजवळून लिंबाजी चार वेळा गेला. चारही वेळा त्यानं धोतराचा सोगा आवरून घेतला आणि पुढे गेला. माझा जीव टांगणीला लागला होता. मला हात असते तर मी तो माठ पोटाशी धरला असता.

साडेदहा वाजले. "तोड ते," प्राचार्य म्हणाले. "नवं लावू."

लिंबाजीनं हातोडी आणली. पहिला घाव बसला आणि माझं सगळं अंग झणझणलं. दुसरा बसला. मुलं वर्गांतून बाहेर येऊन उभी राहिली. तारामती पुढे आली. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "सर, तुम्हीच म्हणाला होता, पुरावा आहे." तिसरा, चौथा. मी आजवर ज्याला सांगतील त्याला अडवलं होतं. टाकीवर असताना तहानलेल्या पोरांना अडवलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं, की आपण कुणासाठी घट्ट धरून आहोत. पाचवा घाव पाठीवर बसला आणि फाटकातून समितीची गाडी आत आली. लिंबाजीनं हातोडी पाठीमागे लपवली.

समितीचे प्रमुख चन्नबसप्पा, निवृत्त प्राध्यापक, जाड चष्म्याचे. बरोबर आणखी दोघं. त्यांनी आधी पान वाचलं, मग कोपरा पाहिला, मग माझे घाव.

"ही सही तुमची?"

प्राचार्य म्हणाले, "असेल. पण वाचून केलेली नाही. आणि मूळ आरोपच खोटा आहे. दोन्ही माठ सर्वांसाठी आहेत. इथं कुणी भेद करत नाही."

समितीच्या मागोमाग आलेल्या नानासाहेबांनी खुर्चीतूनच मान डोलावली. "कशाला नसती भानगड, साहेब. पोरीला कुणीतरी शिकवलंय."

चन्नबसप्पा म्हणाले, "मूळ कागद मला रेकॉर्डसाठी हवा. किल्ली कुठं आहे?"

मग हरिबा पुढे झाला. त्याचा आवाज स्पष्ट होता.

"किल्ली म्या ठिवली, साहेब. त्या टोकाच्या माठात. सकाळपासून अख्खं कॉलेज हुडकलं ह्यांनी. माझी भाकर बी हुडकली. पर त्या माठात कुणी हात घातला न्हाय."

चन्नबसप्पांनी चष्मा काढून पुसला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "सर, तुम्ही म्हणालात दोन्ही माठ सर्वांचे. तेवढी किल्ली काढून द्याल?"

प्राचार्य माठापाशी गेले. वाकले. बाही मागे सारली. आणि त्यांचा हात माठाच्या तोंडाशी थांबला. फार वेळ नाही, पण व्हरांड्यातल्या दोनशे डोळ्यांनी ते पाहिलं. त्यांनी नानासाहेबांकडे बघितलं. नानासाहेब म्हणाले, "काढा की सर," आणि स्वतः खुर्चीतून हलले नाहीत. हात तिथंच राहिला.

"राहू द्या," चन्नबसप्पा म्हणाले. "मला हवं होतं ते मिळालं."

तारामती पुढे निघाली होती. हरिबानं तिला अडवलं. "तू नगं, पोरी. वरनं वतणारा म्या हाय. तू माझं नाव लिहिलंस ते खरं लिहिलंस. लई लाज वाटली मला, पर राग न्हाय आला." आणि त्यानं सगळ्यांसमोर माठात हात घातला, किल्ली काढली आणि मग ओंजळ भरून त्याच माठातलं पाणी प्याला.

किल्ली फिरली तेव्हा माझ्या ठेचाळलेल्या पोटातून कर्र आवाज आला. पण मी उघडलो.

तारामतीची नोटीस रद्द झाली. तिच्या प्रश्नाला मंडळानं लेखी उत्तर द्यावं, असं समितीनं ठरवलं. उत्तर एका ओळीचं आलं, 'असा कोणताही ठराव आढळून येत नाही.' नियम कोण चालवतं, त्याचं नाव कुणीच लिहून दिलं नाही. भित्तिपत्रकाची किल्ली मात्र यापुढे संपादकाकडे राहील, असं ठरलं. माठ एकच ठेवायचा झाला तेव्हा मुलामुलींनी तिवईवरचा हलवला आणि वाळूतला वर ठेवला, तांब्यासकट. पहिला आठवडा बरीच पोरं तहानलेली घरी गेली. मार्चचं ऊन तापलं तशी सगळी आली.

हरिबाची बदली संस्थेच्या सोनारीच्या शाळेत झाली. कारण कागदावर लिहिलं नव्हतं. जाताना त्यानं गोफासकट किल्ली तारामतीच्या हातात दिली आणि मला बोटानं एकदा चाचपलं. मला तो माणूस अजून आठवतो, फार आठवतो.

पुढे तारामती संपादक असतानाच कपाट मोडलं, मी या खणात आलो आणि किल्ली तिच्याकडेच राहिली. मागच्या वर्षी एक शिक्षिका कशाच्या तरी दाखल्यासाठी ऑफिसात आली. टाचणी शोधताना तिला मी दिसलो. ती ओठ घट्ट मिटून माझे घाव मोजत राहिली, आणि मी तिला ओळखलं. तिनं पर्समधून किल्ली काढली. गोफ विटला होता, पण काळाच होता. तिनं क्लार्ककडून यंत्राचं तेल मागून घेतलं, दोन थेंब सोडले, हळूच किल्ली फिरवली आणि मला पुन्हा न लावता खणात ठेवलं.

मित्रांनो, जुन्या कुलपांना तेल घालत जा. पण ती कुठं लावण्याआधी एवढं विचारा, की आत काय कोंडलंय आणि किल्ली कुणाच्या गळ्यात राहणार. आणि कधी या खणात टाचण्या शोधायला आलात, तर मला चुकून दाबू नका. तारामतीनं उघडल्यापासून मी उघडाच आहे.