शटरपाशी उभा माणूस

इटलीतल्या पोंतेवाल्ला गावाचा फुटबॉल संघ वरच्या श्रेणीत परत आला तेव्हा देल्मो स्टेडियममध्ये नव्हता, आणि तेच त्याला भोवलं. बढतीच्या शेवटच्या सामन्यात संघ मागे पडलेला, देल्मोच्या छातीत धडधडायला लागलं, म्हणून तो बाहेर येऊन समोरच्या औषधांच्या दुकानाच्या बंद शटरला टेकला. तेवढ्यात आत संघाने दोन गोल करून सामना जिंकला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. पण फुटबॉलवेड्या गावाला हे सांगणार कोण?

"पुढचा अख्खा सीझन तू बाहेर," इवानोने तिथल्या तिथे फर्मान काढलं. इवानो बेकरीवाला, शाळेपासूनचा दोस्त. खालच्या श्रेणीतल्या चिखलाच्या मैदानांपासून दोघं शेजारी बसत आलेले.

"अरे, वर्षाचं तिकीट काढणार आहे मी."

"काढ ना. खुर्ची तुझीच राहील, मी तिच्यावर तुझा मफलर ठेवतो. पण तुझा पायगुण शटरपाशीच आहे बाबा, त्याला मी काय करू?"

देल्मो हसला. बायको गेल्यापासून त्याच्या घरात सगळे वार सारखेच झाले होते. फक्त सामन्याच्या दिवशी कुणीतरी त्याची वाट बघायचं. नाही म्हणून वाकड्यात कशाला शिरायचं? एखादा सामना बाहेर काढू, मग हे विसरतील, असं त्याला वाटलं. नेमका तो पहिला सामना संघाने जिंकला, आणि देल्मोच्या नशिबावर शिक्कामोर्तब झालं.

मग नियम वाढत गेले. रेडिओ ऐकायचा नाही. स्टेडियमकडे पाठ करायची. मफलर आत, गळा बाहेर. मिलान-तोरिनोचे नावाजलेले संघ आले, आणि देल्मोला त्यांच्या बसच्या काळ्या काचा तेवढ्या दिसल्या. ज्या दिवसांची त्याने तरुणपणापासून वाट पाहिली, ते दिवस त्याच्या पाठीमागे घडत होते.

"आत तरी जा, नाहीतर घरी तरी," सॉसेज-पाव विकणारी लोरेदाना गाडी आवरताना म्हणायची. "धुक्यात उभं राहून न्यूमोनिया होईल तुम्हाला."

संघ जिंकला की इवानो बाहेर येऊन त्याला मिठी मारायचा, वाइन पाजायचा. हरला की चौकशी व्हायची. "हललास ना जागेवरून? खरं सांग." एकदा देल्मो बिचारा लघवीला जाऊन आला होता. त्या हरण्याचं खापर वसंत ऋतू येईपर्यंत त्याच्या डोक्यावर राहिलं.

एवढं करूनही संघ बुडायचा तो बुडालाच. शेवटचा सामना बाकी असतानाच खालच्या श्रेणीत जाणं पक्कं झालं.

"आता जा आत," इवानो फोनवर म्हणाला. "आता काय फरक पडतोय?"

"आणि तू?"

"आम्ही सगळे समुद्रावर चाललोय. डोकं उठलंय त्या गाढवांमुळे."

म्हणजे वरातीमागून घोडं. तरी देल्मो दाढी करून गेला. मफलर इवानोच्या गाडीतच राहिला होता. अर्धं स्टेडियम ओस होतं, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. बराच वेळ तो नुसता गवताकडे बघत राहिला. मग संघाने गोल केला, आणि जन्माच्या सवयीने देल्मो उठून उजवीकडे वळला, इवानोची मान धरायला. हात हवेतच राहिले. त्याने ते हळूच खिशात घातले. दुसऱ्या गोलाला तो उठलाच नाही.

संघ जिंकला. देल्मो आत असताना जिंकला. हे कुणाला तरी ओरडून सांगावं असं त्याला फार वाटलं, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"जिंकले म्हणे," इवानो म्हणत होता. मागे पोरांचा गलका, लाटांचा आवाज. "मी म्हटलं ना सगळ्यांना, देल्मो काही आत गेला नसणार. शटरपाशीच होतास ना?"

खाली माळी गोलची जाळी सोडवायला लागले होते. देल्मोने शेजारच्या खुर्चीवर हात ठेवला. उन्हाने ती तापली होती.

"होतो की," तो म्हणाला. "तिथेच होतो."

"अस्सा दोस्त पाहिजे. उद्या दुकानावर ये, वाइन माझ्याकडून. आणि पुढच्या वर्षीही तू बाहेरच हं."

"बाहेरच," देल्मो म्हणाला. "पण उद्या किती वाजता येऊ?"