हळदीखाली गंजलेला रंधा

मित्रांनो, श्रावणात आलेल्या एका पत्रावर मी खंडेनवमीपर्यंत बसून होतो. पत्र मला नव्हतं. गिरगावातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका सरोजिनीबाईंनी ते आमच्या तात्यांना लिहिलं होतं: 'मुलांना सुतारकाम दाखवायला याल का? एखाद्याला तरी शिकावंसं वाटेल.' तात्या पुटपुटले, "मी काय बोलणार मुलांसमोर?" आणि पत्र उडू नये म्हणून त्यांनी मला त्यावर ठेवलं.

मी तात्यांचा रंधा. अंग सागवानाचं, पातं पोलादाचं. उमेदवारीच्या काळात तात्यांनीच मला घडवलं. खोताच्या वाडीतल्या जिन्यांचे कठडे आणि लालबागच्या चाळींतले दरवाजे माझ्या पोटाखालून गेले. माझ्या तोंडातून लाकडाच्या पातळ साली वेटोळी घेत बाहेर पडायच्या, तेव्हा काय मजा यायची म्हणून सांगू!

पुढे तात्यांचे हात थरथरू लागले. मुलगा जयवंत विमा कचेरीत लागला आणि मी कपाटावर चढलो. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, हत्यारांची पूजा व्हायची. ओली हळद, कुंकू, झेंडू! त्या दिवशी आम्हाला कामाला लावत नाहीत. बाकीच्या दिवशीही कुणी लावत नव्हतं. हळदीच्या ओलीनं माझं पातं गंजत गेलं.

जयवंतची मेघना यंदा दहावीला. तिनं घरात सांगून टाकलं, "मला आयटीआयत सुतारकाम शिकायचंय."

जयवंत उखडला. "तात्यांनी रंधा मारला तो मी खुर्चीत बसावं म्हणून. आणि तू परत भुशात जाणार?"

तात्यांनी कपाटावर माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. माझा जीव टांगणीला लागला.

यंदा पूजा आटोपली आणि शेजारच्या अंबिकाकाकी धावत आल्या. "तात्यानू, दार फुगला! लागाकच नाय. संध्याकाळी गाडी माजी, कुलूप कसा घालू?"

जयवंतनं दोन सुतारांना फोन केले. दोघेही म्हणाले, दसरा झाल्यावर येऊ.

मेघनानं माझ्यावरचं झेंडूचं फूल उचललं.

"अगं, आज हत्याराला हात लावत नाहीत!" जयवंत ओरडला.

तात्या या विषयावर पहिल्यांदाच बोलले. "लावू दे. आजवर नुसती हळदच लावली आपण."

तिनं पातं काढून दगडावर घासलं. गंज गेला, धार चमकली आणि माझ्या अंगात वारं शिरलं! जयवंतनं दार उतरवून आडवं धरलं. तिनं पहिला हात मारला तो उलटा. लाकडाचा ढलपा उडाला.

"झालं समाधान?" जयवंत म्हणाला.

"रेषा बघ, पोरी," तात्यांनी तिच्या हातावर थरथरता हात ठेवला. "लाकूड सांगतं कुठून जायचं ते."

तिनं दिशा बदलली. सर्र! पहिली साल वेटोळी घेत बाहेर आली. मग दुसरी, मग तिसरी! पॅसेजमध्ये सागाचा वास दरवळला. दार पुन्हा बसवलं, लोटलं. टक्! कडी अलगद बसली.

"अगो बाय माजे!" काकींनी मेघनाचा मुका घेतला.

जयवंतनं दार उघडलं, लावलं. परत उघडलं, परत लावलं. तासलेल्या कडेवरून बोट फिरवत तो हळूच म्हणाला, "लोणी!" पूर्वी तात्यांच्या कामाला लोक हेच म्हणायचे.

घरी येताच तात्यांनी कपाटावरचं, इतके दिवस माझ्याखाली असलेलं पत्र काढलं आणि एका पोस्टकार्डावर लिहिलं: 'बाई, उशीर झाला. येतो. रंधा मी आणीन, चालवून मेघना दाखवेल. पुढल्या वर्षी ती सुतारकामाला प्रवेश घेणार आहे.' शेवटचं वाक्य लिहून त्यांनी जयवंतकडे पाहिलं. ते खोडावं लागेल की काय, म्हणून पेन हातातच होतं.

मित्रांनो, आम्हा हत्यारांना फुलं नाही वाहिलीत तरी चालेल. तेलाचा थेंब द्या आणि तुमचे हात द्या. तुमच्यातल्या कुणाला हे काम आवडलं, तर लाजू नका.

जयवंतनं कार्ड दोनदा वाचलं. तात्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि चपला सरकवल्या.

"पेटीत टाकून येतो," तो म्हणाला. "मेघना, तोवर त्या पात्याला तेल लाव."