बुटातला बाप

माझ्या नवऱ्याला बोटाएवढ्या माशाने काटा मारला, आणि मला आधी काळजी वाटली ती माशाची. खोटं कशाला बोलू?

सुबोध सिंगापुरात, जुरोंग आयलंडवर एका केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी मॅनेजर आहे. खाली पडलेली वस्तू त्याला बघवत नाही. मी चपला काढून वळेपर्यंत त्या रॅकवर गेलेल्या असतात. मी विद्यापीठात पोस्टडॉक संशोधक, गेली तीन वर्षं एका कॅटफिशच्या मागे. तपकिरी, मिशाळ, पंखांत विषारी काटे, आणि दिवसभर कुजक्या पानांखाली दडी. आम्हाला तो फक्त एकाच ओढ्यात सापडलाय. कुठल्या ते सांगणार नाही, चोरून पकडणारे टपलेलेच असतात.

गेल्या आठवड्यात मला त्याची अंडी दिसली. कुठे, तर कोणीतरी फेकलेल्या कोल्ड्रिंकच्या कॅनमध्ये! आई अंडी घालून पसार. बाप आत बसून शेपटीने अंड्यांना पाण्याचा वारा घालतो आणि स्वतः काही खात नाही. तो उठला की अंड्यांना बुरशी लागलीच. पिल्लं निघताना कॅमेऱ्यात आली नाहीत, तर महिनाअखेर प्रकल्प बंद आणि माझा इथे राहायचा पासही संपला. हे सगळं मी सुबोधला जेवताना तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा तो "हं" म्हणाला होता.

शनिवारी बॅटऱ्या उचलायला कोणी नव्हतं, म्हणून त्यालाच नेलं. "एका जागी उभा राहा. कशाला हात लावू नकोस," असं बजावून मी कॅमेऱ्याची बॅटरी बदलायला वाकले. मागून आवाज आला, "किती कचरा करतात गं लोक!" आणि पाठोपाठ, "आई गं!"

वळून बघते तर स्वारी पाण्यात बसलेली. एका हातात माझा कॅन, दुसरा हात झटकतोय. कॅन रिकामा करताना बाप थेट त्याच्या तळहातावर पडला होता आणि काटा मारून निसटला होता.

"कॅन बुडव आधी! बुडव म्हणते ना!"

त्याने बुडवला. "विंचू होता का गं आत?"

"बाप होता!" मी किंचाळले.

अंडी आत चिकटून शाबूत होती. पण बाप कुठाय? पानं चाळली, दगड बघितले. तेवढ्यात सुबोध म्हणाला, "माझा बूट बघ." पडताना त्याच्या एका पायातला सेफ्टी बूट निघून तळाशी आडवा झाला होता. टॉर्च मारला, तर आत खोलवर दोन मिशा! आता मी त्याला बाहेर काढायची हिंमत करणार नव्हते. मी कॅनच अलगद बुटात सरकवला.

"आता हलायचं नाही," मी कुजबुजले. "घाबरला तर स्वतःचीच अंडी खाईल."

सुबोधचा हात टोमॅटोसारखा सुजला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सेफ्टीच्या मीटिंगमध्ये तासतासभर बोलणारा माणूस, पण वीस मिनिटं त्याने हूं की चूं केलं नाही. मग बाप कॅनमध्ये शिरला आणि त्याची शेपटी हलायला लागली. मला रडूच फुटलं. नवऱ्याबद्दल इतका राग आणि इतकं प्रेम एकदम मला कधी वाटलं नव्हतं.

एक पाय बुटात आणि एक मोज्यात, अशा अवतारात सुबोध एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, बुकित बातोकला घराकडे आला. क्लिनिकमध्ये दीड तास हात गरम पाण्यात ठेवला. डॉक्टरने कारण विचारलं तर म्हणाला, "माझीच चूक होती."

गुरुवारी दुपारी बुटाकडे वळवलेल्या कॅमेऱ्यात पिल्लं दिसली. मी ताबडतोब प्लांटवर फोन लावला.

"किती?" त्याने विचारलं.

"तेवीस!"

"आणि तो?"

"अजून तिथेच आहे. इतके दिवस झाले, काही खाल्लं नाही."

त्याच्या मागे भोंगा वाजला, कोणीतरी त्याला हाक मारली.

"अनघा," तो म्हणाला, "आज जेवताना मला सगळं पहिल्यापासून सांग."