बाबांनी आधी काय काढलं

एखादी गोष्ट सांगायची तर ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशीच सांगायची, म्हणून घरात तिला सगळे भोंगा म्हणायचे. आणि या आठवड्यात सांगण्यासारखं पुष्कळ होतं. फ्लाइंग क्लबचं छोटं विमान धावपट्टीवर धावलं, धावलं, पण उठलंच नाही. टोकाच्या भिंतीवर आदळलं. ते चालवणारे कॅप्टनकाका गेले. त्यांना बाहेर काढायला सगळ्यांत आधी धावले ते तिचे बाबा, क्लबचे मेकॅनिक!

तपास अधिकारी बाई बाबांना भेटायला विमानांच्या हँगरमध्ये आल्या, तेव्हा भोंगा दप्तरासकट स्टुलावर ठाण मांडून बसली.

"कॅप्टननी विमान वर उचलायचा दांडा मागे ओढलाच नाही, असं सगळे म्हणताहेत," बाई म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटतं?"

"असेल. वय झालं होतं." बाबा हातातलं फडकं पिळत राहिले.

भोंगाला रागच आला. कालच कॅप्टनकाकूंनी तिचा हात धरून विचारलं होतं, "खरंच यांचीच चूक का गं?" आणि बाबा खुशाल असं म्हणताहेत?

"बाबांचं सोडा हो, त्यांच्या तोंडून शब्द काढायला पक्कड लागते. मी सांगते! मी मागोमाग पळत गेले होते. पेट्रोल गळत होतं. बाबांनी दार उपटलं, पण काकांचा पट्टा नाही सोडला आधी. आधी दांड्यापाशी हात घातला आणि स्विच बंद केला. आग लागू नये म्हणून! बघा, केवढं डोकं!"

बाईंचं पेन थांबलं. "स्विच सगळे चालूच सापडले, बाळ. कसा होता तो?"

"असा बोटाएवढा. ओढून काढला आणि खिशात..."

स्विच कोणी खिशात घालतं का?

बाईंनी एक फोटो पुढे ठेवला. "विमान उभं असताना वाऱ्यानं दांडा हलू नये म्हणून त्याच्या या भोकात पिन घालतात. पिनेला लांब लाल पट्टी असते, काढायची विसरू नये म्हणून. भोकाच्या कडा बघा, फाकल्यात. कॅप्टननी दांडा जीव खाऊन ओढला होता. आत काहीतरी अडकलेलं होतं."



"पिन हरवली होती," बाबा म्हणाले. "नुसता बोल्ट घालत होतो. रोज मीच काढायचो, म्हणून कॅप्टननी बघायचं सोडलं होतं. त्या दिवशी मी दुसऱ्या विमानाचं चाक बसवत होतो."

बाईंनी भोंगाचा जबाब वाचून दाखवला. "अठराच्या आत आहेस ना? खाली पालकाची सही लागेल."

कागद बाबांपुढे सरकला.

"बाबा, मी नीट पाहिलं नसेल," ती इतक्या हळू म्हणाली की बाईंना ऐकूही गेलं नाही.

"नीट पाहिलंस."

त्यांनी तेलकट बोटं फडक्याला पुसली. 'स्विच बंद केला' या शब्दांवर रेघ मारली, वर 'बोल्ट काढला' लिहिलं आणि सही केली.