आम्ही ठरवलं

सांगायचं:
बेल्जियममधल्या नोआर-फोंतेनच्या कोळसाखाणीची मदत थांबवायचं लक्झेंबर्गच्या सहा देशांच्या कोळसा मंडळाने ठरवलं. म्हणजे खाण बंद.

सांगायचं नाही:
टेबलाभोवती सहा देशांचे नऊजण होते. बेल्जियमचा ओमेर दुफ्रान खाणीसाठी दोन दिवस भांडला. शेवटी हात वर झाले, तेव्हा त्याचा एकट्याचा खाली राहिला.

मग सगळेच हात खाली आले आणि विषय मिटला. कुणी काय मत दिलं, ते दाराबाहेर न्यायचं नाही, ही तिथली रीत. नाहीतर जर्मन आपल्या गावी जाऊन म्हणेल, मी नव्हतो त्यात. इटालियन म्हणेल, मीही नव्हतो. मग मंडळ म्हणून राहिलं कोण? आपल्या देशाचा माणूस म्हणून इथे बसणार नाही, अशी शपथ ओमेरनेही घेतली होती.

शेजारच्या डच सहकाऱ्याने विचारलं, निर्णय सांगायला खाणीवर दुसऱ्या कुणाला पाठवू या का.

मीच जातो, ओमेर म्हणाला. त्याचा बाप त्याच खाणीत राबला होता.

सांगायचं:
रविवार. खाणीच्या गावी ओमेरच्या बहिणीने, झेलीने, ससा रांधला होता. तिचा नवरा आर्सेन अजून त्या खाणीत उतरायचा. दुपारी कामगारांच्या सभागृहात ओमेरला बोलायचं होतं.

"या साहेब," आर्सेन म्हणाला. "लक्झेंबर्गात कोळसा हाताला लागत नाही म्हणे."

ओमेर हसला. आर्सेन हसला नाही. खोकला, आणि खोकला थांबेपर्यंत कुणी घास घेतला नाही.

झेलीने ओमेरच्या ताटात रस्सा वाढला. हळूच म्हणाली, "दादा, बाहेर कुणाला कळणार नाही. फक्त आम्हाला सांग. तू नाही म्हणालास ना?"

सांगायचं नाही:
हो.

एवढंच. एवढ्यावर हे घर आयुष्यभर त्याचं राहिलं असतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, आणि उरलेले आठ परके झाले असते.

सांगायचं:
"आम्ही ठरवलं," ओमेर म्हणाला.

झेली वाढायची थांबली. आर्सेनने कोट चढवला.

"सभागृहातही हेच सांगणार?"

"हेच."

"मग माझ्याबरोबर येऊ नकोस," आर्सेन म्हणाला. "मागून ये."

ओमेर थांबला. दार लागलं. मग तोही निघाला, रस्त्याच्या दुसऱ्या कडेने.