गाडीतला पिवळा दिवा

रविवारी सकाळी शिवांजली मेढ्यातून भाजी घेऊन परत येत होती, तेव्हा गाडीत वेगाच्या काट्याशेजारी इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी घरापर्यंत आली, पण अंगणात उभी केल्यावर थरथरायला लागली आणि दोनदा बंद पडली. त्याच दिवशी तिचा नवरा वीरधवल आठ महिन्यांनी पठाणकोटहून सुट्टीवर येणार होता. चारच्या रेल्वेनं तो साताऱ्याला उतरणार, आणि त्याला आणायला सगळ्यांनी जायचं, हे आठवडाभरापूर्वीच ठरलं होतं.

तिनं मेढ्याच्या मुजीब मेस्त्रीला फोन लावला. तो जतला साडूच्या घरी लग्नाला गेलेला. नुसता दिवा लागला असता तर गाडी जपून चालवता आली असती, पण अशी थरथरत असेल तर ती चढावर दगा देईल, परवा येऊन बघतो, असं तो म्हणाला.

घरात गाडीतलं कळणारा माणूस होता, पण त्यालाच हात लावायची बंदी होती. तिचे सासरे लालासाहेब फौजेच्या वर्कशॉपात चोवीस वर्षं गाड्या दुरुस्त करून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. दहा दिवसांपूर्वी त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, धूळ-धूर लागू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी काळा चष्मा लावून ते बॉनेटकडं निघाले, तेव्हा सासूबाई, मनुबाई, त्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या. डोळा बिघडला तर पोराचं तोंड कशानं बघणार, एवढंच त्यांनी विचारलं. लालासाहेब मुकाट्यानं अंगणातल्या खुर्चीत जाऊन बसले.

लग्नाला तीन वर्षं झाली तरी ते सुनेशी थेट बोलत नसत. काही हवं असलं की मनुबाईंना सांगायचे, आणि मनुबाई तिला सांगायच्या. मनात राग वगैरे काही नव्हता. सुनेशी काय बोलावं, हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

शिवांजलीला आठवलं, मागच्या सुट्टीत वीरधवलनं गाडीतला बिघाड सांगणारा एक छोटा स्कॅनर मागवला होता आणि तो खोक्यासकट कपाटात तसाच पडला होता. तिनं तो काढून स्टिअरिंगखालच्या खाचेत बसवला आणि मोबाइलला जोडला. पडद्यावर एक नंबर आला, त्याच्याखाली इंग्रजीत एक ओळ. ती सरळ सासऱ्यांच्या खुर्चीपाशी गेली.

"मामा, ह्यात सिस्टीम टू लीन म्हणतंय. म्हंजी काय?"

लालासाहेब ताठ झाले. "म्हंजी हवा लय आणि पेट्रोल कमी. कुठनं तरी चोरून हवा आत शिरतीया. सेन्सर बदलायच्या नादाला लागू नगंस. आधी भोक हुडकायचं."

तीन वर्षांत ते तिच्याशी एका दमात एवढं कधीच बोलले नव्हते. मनुबाई पिठाची परात घेऊन दारातच थांबल्या.

मग लालासाहेबांनी खुर्ची गाडीपासून चार हातांवर सरकवली. ओढणी काढून ठेव, बांगड्या उतरव, पंख्याजवळ हात नेऊ नकोस, असं त्यांनी तिला एकेक सांगितलं. तिनं इंजिन चालू केलं. ते मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकत राहिले. तिला नुसती घरघर कळत होती. त्यांना मात्र तिच्या आड एक बारीक शीळ ऐकू आली.

बागेला पाणी घालायच्या नळीचा हातभर तुकडा आण, एक टोक कानाला लाव आणि दुसरं पायपांवरून फिरव, असं त्यांनी सांगितलं. तिनं तसं केलं. एका सांध्यापाशी आवाज आल्यासारखा वाटला. तिनं साबणाचं पाणी भरलेल्या बाटलीनं तिथं फवारा मारला. काहीच फरक पडला नाही. ती जरा खट्टू झाली. लालासाहेब म्हणाले, पहिल्या झटक्याला सापडलं असतं तर वर्कशॉपात आम्हाला कुणी चोवीस वर्षं ठेवलंच नसतं.

नळी आणखी मागं सरकली, आणि तिच्या कानात एकदम फुस्स असा आवाज भरला. अंगठ्याएवढा जाड रबरी पाइप तिथं खाली वळला होता. तिनं फवारा मारला. क्षणभर शीळ थांबली आणि इंजिन शांत, एकसारखं चालायला लागलं.

"सापडलं," लालासाहेब खुर्चीतूनच म्हणाले. त्यांना दिसलं काहीच नव्हतं.

गाडी बंद करून त्यांनी इंजिन निवू दिलं. तिनं पाइप ओढून काढला. टोकाला वाळलेल्या रबराची चीर गेली होती. ती बोटांनी चाचपून लालासाहेबांनी सांगितलं, की पायपाला बोटभर ढील आहे, तेवढं टोक कापून पुन्हा बसव, उद्या-परवा मुजीब नवा घालील. तिनं धारदार सुरीनं टोक कापलं. पाइप घट्ट बसवायला क्लिप हवी होती. जुन्या ठिबकच्या सामानात मापाची एक निघाली. मनुबाईंनी ती शोधून आणली आणि मग तिथंच थांबून टॉर्च धरला.

शिवांजलीनं मोबाइलवरून बिघाडाची नोंद पुसली आणि किल्ली फिरवली. पिवळा दिवा लागला, विझला, आणि परत लागला नाही. गाडी थरथरत नव्हती. लालासाहेबांनी तिला टेकडीच्या चढावर दोन फेऱ्या मारायला लावल्या, स्वतः शेजारी बसून. दुसऱ्या फेरीला ते म्हणाले, "शिवांजली, तुझा हात चांगला हाय. माझ्या हाताखाली असतीस तर सहा महिन्यांत तयार केली असती."

घरी येईपर्यंत तिच्या चेहऱ्यावरचं हसू काही जाईना.

चार वाजता तिघंही स्टेशनच्या बाहेर उभी होती. वीरधवल बाहेर आला, आईवडिलांच्या पाया पडला, आणि त्याच्या खांद्यावरची बॅग उतरायच्या आतच लालासाहेबांनी त्याला सगळी हकीकत सांगायला सुरुवात केली. फोनवर पोराला बरा हाईस का, एवढंच विचारणारे ते. सांगून झाल्यावर त्यांनी कापलेलं रबराचं टोक खिशातून काढून त्याच्या हातात ठेवलं. वीरधवल कधी त्या तुकड्याकडं तर कधी बायकोच्या काळवंडलेल्या नखांकडं बघत राहिला, आणि मग मोठ्यानं हसला.

त्यानं किल्लीसाठी हात पुढं केला, तर शिवांजली आधीच स्टिअरिंगवर बसलेली. शेजारची जागा लालासाहेबांनी घेतली. मेढ्याच्या वाटेवर पुढं दोघांचं ब्रेकच्या आवाजावर बोलणं चाललं होतं. मागं मनुबाई पोराचं मनगट धरून बसल्या होत्या. वीरधवलनं दोनदा काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण मध्ये बोलायला त्याला जागा मिळाली नाही.