ग्लेंडाच्या माथी

चाळीस वर्षांनी कॉलेजला आमची आठवण झाली. आमचं ज्युनिअर कॉलेज म्हणजे शाळेनंतरची दोन वर्षं, पश्चिम कॅन्ससमधलं, चहूकडे गव्हाची शेतं. १९८४ साली तिथल्या आम्हा मुलींच्या बास्केटबॉल संघानं विभागाचं अजिंक्यपद जिंकलं होतं. त्याबद्दल फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी, चालू सामन्याच्या मध्यंतरात, आमचा सत्कार ठरला.

मी गावातच राहते, त्यामुळे निमंत्रणांची यादी नजरेखालून घालायला माझ्याकडे आली. त्यात रोंडा बाशरचं नाव होतं. रोंडा अंतिम सामन्याला नव्हतीच. ती तीन आठवडे आधीच घरी गेली होती.

"हिला कशाला?" मी कॉलेजात जाऊन कार्यालयातल्या पोरीला विचारलं.

"हंगामातले सतरा सामने खेळल्यात त्या. सगळ्यात जास्त गुण त्यांचेच आहेत. चुकलं का काही?"

"नाही, नाही," मी म्हटलं. घरी येऊन मात्र मी दोन दिवस धड जेवले नाही.

रोंडा माझी खोलीतली जोडीदारीण. ती ओक्लाहोमातून आलेली, सहा फूट उंच. तिच्या जागेवर मीही खेळायचे, म्हणजे बाकावर बसून वाट बघायचे. त्या जानेवारीत तिला दिवस गेल्याचं कळलं. तिनं ते दोघींनाच सांगितलं, मला आणि ग्लेंडाला. ग्लेंडाकडे गाडी होती, ती तिला शेजारच्या गावी डॉक्टरकडे घेऊन गेली. मी कोचकडे गेले.

"तिच्या जिवाला काही झालं तर?" मी कोच रीडरना म्हणाले. डोळ्यांत पाणीही आणलं होतं. जिवाची काळजी खोटी नव्हती, पण रोंडा गेली की जागा कुणाला मिळणार, हेही मला पक्कं ठाऊक होतं. कोचनी दुसऱ्या दिवशी तिची शिष्यवृत्ती बंद केली आणि बसचं तिकीट हातात दिलं.

तिची पेटी मीच भरली. बसथांब्यावर ती म्हणाली, "ग्लेंडानंच सांगितलं ना गं? दुसरं कोण असणार?"

मी खाली बघितलं. नाही म्हटलं नाही.

अंतिम सामन्यात शेवटच्या चार सेकंदांत दोन फ्री थ्रो मारून मी संघाला सामना जिंकून दिला. आजही दुकानात कुणी म्हातारा भेटला की म्हणतो, "ही बघा आमची कॉनी, दोन्ही मारले हो हिनं!" मी हसते.

सत्काराच्या दिवशी आधी जेवण होतं, चिली म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा आणि दालचिनीचे गोड रोल, आमच्याकडे शाळेपासून असतं तसं. रोंडा आली. केस पांढरे, पण पाठ ताठ. सोबत मुलगा होता, एकोणचाळीस वर्षांचा, तिच्याहून उंच. तिनं मला मिठी मारली.

"काय गं कॉने, आटलीस की! तेव्हा माझ्या ताटातलं पण खायचीस."

"तू देत होतीस म्हणून."

"देत कुठे होते, तू उचलत होतीस!" सगळे हसले. मग ती मुलाला म्हणाली, "हीच ती. बसथांब्यापर्यंत आलेली एकटीच."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला टेसा बसली होती, ग्लेंडाची मुलगी. ग्लेंडा चार वर्षांपूर्वी कर्करोगानं गेली, तिच्या जागी मुलगी आली होती. टेसा उठून आमच्याकडे आली, "तुम्ही रोंडा ना? आई तुमच्याबद्दल..." रोंडानं तिच्याकडे पाठ केली आणि मुलाला मीठ मागितलं. पोर तशीच उभी राहिली, मग परत जाऊन बसली.

मध्यंतरात आम्हाला मैदानावर नेलं. एकेकीचं नाव घेतलं, गळ्यात पदक घातलं. माझ्या नावाला सगळे प्रेक्षक उठून उभे राहिले. रोंडाही टाळ्या वाजवत होती, सगळ्यांपेक्षा जोरात. मला वाटलं, आत्ता इथेच जमीन फाटावी.

सामना संपायच्या आत मी तिला बाहेर गाड्या लावतात तिथे गाठलं. वारा बोचत होता.

"रोंडा, कोचना मी सांगितलं होतं. ग्लेंडानं नाही."

"काय सांगितलं?" तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. हातातली किल्ली तिनं गाडीच्या टपावर ठेवली.

"ग्लेंडानं तीन पत्रं पाठवली मला," ती म्हणाली. "तिन्ही न फोडता परत केली मी. ती आजारी आहे म्हणून निरोप आला, तर म्हटलं, मरू दे. या तोंडानं म्हटलं, कॉनी."

"मी चुकले गं. मी..."

"गप. रडू नकोस. रडायला तुला तेव्हाही चांगलं जमत होतं." तिनं टपावरची किल्ली उचलली. "माझं सोड. मी पोर वाढवलं, चांगलं वाढवलं. पण ती आत बसलेली मुलगी. मघाशी मी काय वागले तिच्याशी! चल."

"आत्ता? सगळ्यांसमोर?"

"तुला काय, टाळ्या चालतात ना सगळ्यांसमोर?"

तिनं माझं मनगट धरलं आणि आत नेलं. टेसा दाराशी कोट चढवत होती. रोंडा तिला म्हणाली, "पोरी, हिला तुला काहीतरी सांगायचंय. मग मला तुझी माफी मागायचीय."

मी सांगितलं. येणारेजाणारे माझ्या पाठीवर थाप मारून जात होते, "शाब्बास कॉनी!" आणि मी मधेच थांबून पुन्हा सुरू करत होते.

टेसानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई आजारी असताना तुम्ही दर गुरुवारी सूप घेऊन यायचात."

"हो."

"ती तुम्हाला विचारायची. मी स्वयंपाकघरातून ऐकलंय. कॉनी, मी रोंडाचं काय बिघडवलं, तुला काही आठवतं का, असं. शेवटच्या महिन्यातसुद्धा विचारलं."

"हो."

"आणि तुम्ही काय म्हणायचात?"

मी म्हणायचे, जाऊ दे गं, काही माणसं असतातच तशी. हे मला टेसाला मोठ्यानं सांगावं लागलं. सांगितलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त कोटाची बटणं नीट लावली आणि रोंडाकडे वळली. "आईला इथेच वरच्या टेकडीवरच्या दफनभूमीत ठेवलंय. तुम्हाला यायचंय?"

रोंडानं होकारार्थी मान हलवली. तिचा मुलगा मागोमाग गेला. जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलं, मघाशी हात मिळवला होता तसा यावेळी पुढे केला नाही.

आतून कुणीतरी फोटोसाठी माझं नाव पुकारत होतं. मी पदक काढून पर्समध्ये टाकलं आणि बाजूच्या दारानं बाहेर पडले. रोंडाची गाडी टेकडीच्या रस्त्याला लागलेली दिसली, पुढच्या सीटवर दोघी होत्या. मला कुणी चल म्हटलं नव्हतं, आणि मागून जायचं माझं धाडस झालं नाही.